पणजोबांच्या ट्रंकेतला साचा : सोलापुरातलं एक प्रकरण

फेब्रुवारीतला रविवार होता. मित्राचा मुलगा सकाळीच माझ्या शेडवर आला. हातात शेंगाचटणीची रिकामी बरणी, आणि बरणीच्या तळाला शिशाच्या, राखाडी रंगाच्या, बंदुकीच्या २३ गोळ्या. बोटाच्या पेराएवढ्या, पुढून गोल, मागून सपाट.

"काका, बगा की. समद्यांवर सुरकुत्या पडायल्यात. साच्यात खोट आहे का माझ्या हातात?"

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझी हयात टूलरूममध्ये गेली. यंत्रमागाचे सुटे भाग, डाय, गेज, हेच काम. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये एक लेथ आणि एक ड्रिल मशीन ठेवलंय, त्यामुळे ओळखीतले लोक न समजणाऱ्या वस्तू घेऊन येतात. त्याचा प्रश्न ऐकून मी आधी कारागिराच्या नजरेनंच बघितलं. कायदा आणि आरोग्य या गोष्टी मला पंधरा-वीस मिनिटांनी सुचल्या. हे प्रकरण लिहून ठेवतोय ते या पंधरा-वीस मिनिटांमुळे. जुनी वाडे-घरं पाडून बांधायचं काम साखर पेठेपासून भवानी पेठेपर्यंत सगळीकडे चाललंय आणि माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या जातायत.

वस्तू काय होती

मुलाने पिशवीतून साचा काढला, पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेला, शिशाच्या गोळ्या ओतायचा. लाकडी मुठींची, चिमट्यासारखी उघडणारी वस्तू, तोंडाशी लोखंडाचे दोन चौकोनी ठोकळे. घरात तिला इतकी वर्षं कुणी अडकित्ता समजलं, कुणी करंजी दाबायचा साचा. ठोकळे उघडले की दोन्हीत अर्धी अर्धी पोकळी दिसते. वर एका खिळ्यावर फिरणारी पट्टी, तिला शंकूसारखं भोक. शिसं त्या भोकातून ओतायचं, गोठलं की पट्टीला ठोका द्यायचा, वरची जादाची शेंडी छाटली जाते आणि गोळीचं बूड सपाट निघतं.

मी भिंग लावून ठोकळ्यांची आतली तोंडं बघितली. पोकळीपासून बाहेरच्या कडेपर्यंत केसासारख्या बारीक रेघा कोरलेल्या होत्या. हवा जायला वाट. दोन ठोकळे तंतोतंत बसावेत म्हणून डॉवेल पिना, म्हणजे बारीक खुंट्या. असे साचे करताना गोळीच्या आकाराचाच एक कटर बनवत. त्या धंद्यात त्याला चेरी म्हणतात. चेरी फिरती ठेवून दोन्ही ठोकळे तिच्यावर हळूहळू मिटवत आणायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना एकाच वेळी एकाच मापाची पोकळी कोरली जाते. हातात घेतलेल्या साच्याची पोकळी मी दोन दिशांनी मोजली. फरक जवळजवळ नव्हता. शंभर वर्षांच्या आसपासचं हे काम इतकं नेमकं आहे, की बघून माझ्यासारख्याचा हात आपसूक कपाळाकडे जातो.

बाजूला शिक्का होता: आयडिअल, आणि ३५८३११ हा आकडा. हा आकडा वाचता आला की अर्धं काम होतं. पहिले तीन अंक म्हणजे गोळीचा व्यास इंचाच्या हजारांशात, म्हणजे ०.३५८ इंच, साधारण ९.१ मिलिमीटर. उरलेले अंक म्हणजे नमुन्याचा क्रमांक. ३११ हा नमुना गोल नाकाचा, ०.३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासाठीचा, वजन सुमारे १५८ ग्रेन म्हणजे १०.२ ग्रॅम. आयडिअल ही अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात न्यू हेवनला जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये सुरू केलेली कंपनी. १९१० मध्ये ती मार्लिन कंपनीकडे गेली आणि १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे. लायमनने आयडिअल हे नाव पुढेही चालवलं, म्हणून नुसत्या शिक्क्यावरून साल काढायचा मोह मी टाळला.

मुलाने एक चांगला प्रश्न विचारला. नाव ०.३८, मग माप ०.३५८ कसं? जुन्या ०.३८ काडतुसांत गोळी बाहेरून पितळी टोपणाइतकीच जाड असे, फक्त तिची टाच बारीक करून टोपणात बसवत. वंगण गोळीच्या उघड्या भागावर राही, त्याला धूळ-कचरा चिकटे. पुढे गोळी पूर्ण टोपणाच्या आत बसवायची पद्धत आली. आत बसायचं म्हणून ती बारीक झाली, नाव मात्र जुनंच राहिलं. ०.३८ स्पेशल १८९८ मध्ये आलं ते हे बारीक माप घेऊनच. गोळीच्या अंगावरच्या गोल खाचा त्या वंगणासाठी असतात, मेण आणि चरबी भरायला. काडतुसाची चरबी म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. ती कागदी काडतुसं वेगळी, बंदूक वेगळी, पण गोळी नळीतून सहज सरकावी म्हणून स्निग्ध पदार्थ लावायचा हे तत्त्व तेच.

अमेरिकन साचा सोलापुरात कसा आला? ट्रंकेत त्याच्याबरोबर एक जीर्ण कागद होता, पणजोबांचं रिव्हॉल्व्हर सरकारजमा केल्याची पोच. म्हणजे हत्यार रीतसर गेलं आणि साचा मागे राहिला, कारण तो हत्यार वाटलाच नसणार. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचं काम सोलापुरात एकोणिसाव्या शतकापासून होतं, गिरण्यांमध्ये साहेबही होते. त्यांच्यापैकी कुणाकडून आला असेल, हा केवळ माझा तर्क. एक मात्र आजीने सांगितलं, की त्या ट्रंकेला हात लावू देत नसत. ते समजण्यासारखं आहे. या गावाने १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, भोगला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. त्यानंतर बंदुकीशी दूरचं नातं असलेली वस्तूसुद्धा घराघरांत दबक्या आवाजाची झाली असणार.

सुरकुत्या

मुलाला गोळी झाडायची नव्हती, हे आधी स्पष्ट करतो. त्याच्या मित्रांचा बुलेट मोटरसायकलवाल्यांचा ग्रुप आहे. बुलेटवाल्यांना बुलेटचं कीचेन, एवढीच कल्पना. मागच्या बाजूला भोक पाडून कडी अडकवायची. पुण्याहून दहा-बारा जणांनी मागणीही नोंदवली होती.

मी सोनाराकडच्या काट्यावर गोळ्या तोलल्या. कुठलीच १०.२ ग्रॅम भरेना. काही ९.७, काही ९.९, एक तर ९.३. एकाच साच्यातून निघालेल्या वस्तूंत एवढा फरक म्हणजे आत पोकळ्या आहेत किंवा धातू शुद्ध नाही. इथे दोन्ही होतं.

पहिलं कारण, साचा गार होता. गार लोखंडाला टेकताच शिशाची बाहेरची साय गोठते, मागून येणारा धातू तिच्यावर घडी घालतो, म्हणून सुरकुती. ओतकाम करणारा कुणीही साचा आधी तापवून घेतो आणि पहिले काही नग वाया गेले असंच धरतो. हा उलटं करत होता. काम लवकर व्हावं म्हणून प्रत्येक गोळीनंतर साचा बादलीत बुडवायचा. त्याच्या मनगटावर वाळलेला चट्टा होता. पोकळीत राहिलेल्या थेंबावर वितळलेलं शिसं पडलं, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि शिसं उडालं. डोळे वाचले ते नशिबाने.

दुसरं कारण, गंजू नये म्हणून त्याने पोकळीला खोबरेल लावलं होतं. तेल जळून धूर होतो, तो धूर धातू आणि साचा यांच्यामध्ये अडकतो.

तिसरं कारण धातूत होतं. शिसं त्याने टायरवाल्याकडून घेतलं होतं, चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं. पूर्वी ती शिशाची असत, आता त्यांत लोखंडाची आणि जस्ताचीही मिसळलेली असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ च्या पुढे. गॅस मोठा ठेवला की तेही विरघळतं आणि मग धातू नीट वाहत नाही, भरड लापशीसारखा होतो. वजन कमी भरण्याचं एक कारण तेही, जस्त शिशापेक्षा बरंच हलकं.

मी माझ्याकडचे छापखान्याचे चार खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, काढून त्याच्या तळहातावर ठेवले. ऑफसेट छपाई आल्यावर इथले छापखाने खिळे किलोवर विकू लागले, तेव्हा मी थोडे ठेवले होते. 'क्ष'चा खिळा बघ म्हटलं, त्याचा काना, त्याची गाठ, सगळं कसं धारदार आलंय. तेही शिसंच, दोन भागांच्या साच्यात ओतलेलं. पण त्यात कथील आहे, त्याने धातू कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो, आणि अँटिमनी आहे, त्याने कडकपणा येतो आणि गोठताना आकुंचन कमी होतं. तो बराच वेळ खिळा उलटसुलट करून बघत होता. मलाही त्या घटकेला वाटलं, साचा तापवून एक नग नीट ओतून दाखवावा. हात पुढे गेलाही होता.

तेवढ्यात मी सहज विचारलं, "वितळवतोस कशात?"

"आईच्या कढईत. लोखंडाची आहे ना, जुनी. तिला काय होणार?"

कढई

ती कढई मला माहीत आहे. वहिनींच्या हातची शेंगाचटणी आमच्या घरी येते ती त्याच कढईत भाजलेल्या शेंगदाण्यांची. मी साचा खाली ठेवला आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो.

स्वयंपाकघरात जे दिसलं ते सविस्तर लिहितो, कारण हेच या प्रकरणाचं मर्म आहे. शेगडीच्या बर्नरभोवती शिशाचे वाळलेले थेंब. ओट्याच्या कडेला स्टीलची पळी, तिच्या वाटीत पिवळसर राखाडी साय. खिडकीत एका द्रोणात वरून काढलेली मळी, पिठासारखी मऊ, फुंकर मारली तर उडेल अशी. आणि ओट्याखाली त्याच्या बहिणीची अडीच वर्षांची मुलगी वाट्या मांडून भातुकली खेळत होती. ती माहेरपणाला आलेल्या आईबरोबर महिनाभर तिथेच होती. मी बघत असतानाच तिने फरशीवरचा हात उचलून तोंडात घातला.

लोक म्हणतात शिशाची वाफ वाईट. वाईट आहेच, पण घरच्या शेगडीवर जास्त घात करते ती ही मळी. वितळलेल्या शिशाच्या पृष्ठभागावर हवा लागून जो पिवळा थर धरतो ते मुरदाडशिंग. तेच आणखी भाजलं की शेंदूर होतो, आपण मारुतीला लावत आलो तो. ही पूड बोटांना लागते, बोटं तोंडात जातात. लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं. रक्तात फिरल्यावर ते हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी नाही.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी प्रत्येक वेळी चिंचेनं घासून घेतलीया की." मला उत्तर द्यायला जड गेलं. लोखंडी कढईचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो, तिच्यात बसलेलं शिसं घासून गेलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. चिंच तर आंबट, ती उलट शिसं सुटं करते. ती कढई त्यांच्या सासूबाईंची होती. मी तिला परत चुलीवर चढवू नका एवढंच सांगितलं. त्यांनी ती स्वतःच वर्तमानपत्रात गुंडाळली.

त्या दिवशी आम्ही केलं ते असं. मुलीला दुसऱ्या खोलीत नेलं. झाडू हातात घेऊ दिला नाही, कारण झाडल्याने पूड उडते. ओल्या फडक्यांनी ओटा, शेगडी, फरशी, खिडकी तीन वेळा पुसली आणि फडकी पिशवीत बांधून टाकली. मळी, पळी, द्रोण झाकणाच्या डब्यात बंद केलं. मुलाचे ओतकामाच्या वेळचे कपडे वेगळे धुवायला लावले. उघड्यावर असलेलं तिखट-मीठ फेकून दिलं. चटणीचा अर्धा डबा होता, तोही.

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे. मुलीला काही त्रास दिसत नव्हता आणि तिथेच फसायला होतं, कमी प्रमाणातलं शिसं दिसत नाही. त्यांनी शिरेतून रक्त घेऊन तपासणीला बाहेर पाठवलं. रक्ताच्या डेसिलिटरमागे, म्हणजे १०० मिलिलिटरमागे, ८ मायक्रोग्रॅम शिसं, असा आकडा आसपास आला. ५ किंवा त्यापेक्षा जास्त आला तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासूनचं मार्गदर्शन आहे. शिसं काढायची औषधं लहान मुलांना साधारण ४५ च्या पुढे देतात, त्यामुळे औषधाचा प्रश्न आला नाही. डॉक्टरांनी काजळ, सुरमा, घरातला जुना रंग, हळद, सगळ्याची चौकशी केली. सगळा दोष कढईचाच, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही म्हणत नाही. लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं म्हणून त्यांनी लोह आणि कॅल्शियमवर भर दिला. मुलाचा स्वतःचा आकडा भाचीपेक्षा जास्त निघाला.

कायदा

हे मी उशिरा पाहिलं, ते कबूल करतो. ओळखीच्या वकिलांना फोन केला तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य टाकलं: "त्या गोळ्या वितळवू नका आणि साचा कुठेही हलवू नका."

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याची व्याख्या आपण समजतो त्यापेक्षा रुंद आहे. कलम २ मध्ये दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा तयार करायची यंत्रसामग्री हेही दारूगोळ्यातच धरलंय. काडतूस पूर्ण नसलं, दारू नसली, तरी शिशाची गोळी हा भाग ठरू शकतो आणि साचा यंत्रसामग्री. परवान्याशिवाय बाळगणं कलम ३ मध्ये येतं, तयार करणं आणि विकणं कलम ५ मध्ये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला आणि विक्रीला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. माझ्या समोर बसलेल्या पोराने कीचेन म्हणून फोटो टाकले होते आणि भाव लिहिला होता.

कलम ४५ मध्ये सवलत आहे: स्वतःकडच्या किंवा दुसऱ्या कुणाकडच्या जोडीच्या भागांबरोबर वापरायचा हेतू नसेल, तर असे किरकोळ भाग बाळगण्याला अधिनियम लागत नाही. वकील म्हणाले, हा मुद्दा कोर्टात मांडता येईल, पण कोर्टात मांडावा लागेल अशी वेळच का आणायची? कलम २१ सांगतं की ताब्यात ठेवणं कायदेशीर राहिलं नसेल, तर वस्तू विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे जमा करावी. त्या वाटेने जायचं ठरलं.

दोन पानी अर्ज झाला. साचा कुठे सापडला, पणजोबांच्या पोचेची प्रत, किती गोळ्या ओतल्या, कशासाठी, एकही विकलेली नाही, फोटो काढून टाकण्याआधीच्या त्यांच्या प्रती. यातली एकही गोष्ट गाळू नका असा वकिलांचा आग्रह होता. मी माझं टिपण जोडलं, मापं आणि आकड्याचा अर्थ. ठाण्यात साचा टेबलावर ठेवला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनीही आधी अडकित्ता आहे का असंच विचारलं. मग त्यांनी उघडून बघितला, पोकळीत बोट फिरवलं आणि गप्प झाले. जबाब झाला, २३ नग मोजून घेतले, पंचनामा झाला. मुलावर गुन्हा नोंदला गेला नाही. प्रत्येकाच्या बाबतीत असंच होईल असं मात्र कुणी धरून चालू नये. आधी वकील, मग ठाणं, हा क्रम आम्हाला उपयोगी पडला.

साचा हातातून जाताना मला वाईट वाटलं. असं काम पुन्हा बघायला मिळणार नाही. जमा करण्याआधी वकिलांच्या समोर मी त्याची फक्त बाहेरची मापं घेतली आणि शिक्क्याचं चित्र काढलं. पोकळीचं रेखाटन केलं नाही, ते कागदावर असू नये असं मला वाटलं.

पुढचं

मुलाने मागणी नोंदवलेल्यांना खरं कारण लिहून कळवलं. माझ्या लेथवर आता तो पितळी सळईतून बुलेटच्या पेट्रोलटाकीच्या झाकणाचं छोटं रूप काढायला शिकतोय. त्याचे पहिले चार नग बिघडले, पाचवा बरा आलाय. शिशाला तो हात लावत नाही, शेडमध्ये आल्यावर आणि जाताना साबणाने हात धुतो.

मुलीचं रक्त तीन महिन्यांनी परत तपासलं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडांतलं हळूहळू रक्तात परतत राहतं, म्हणून आकडा सरळ शून्याकडे जात नाही. तो ५ च्या खाली आला, चारच्या वर आहे. डॉक्टरांनी दिवाळीनंतर पुन्हा बोलावलंय. वहिनींनी नवी लोखंडी कढई आणलीय, जुनी अजून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहे. भंगारात दिली तर दुसऱ्या कुणाच्या चुलीवर जाईल, म्हणून त्यांनी ती दिली नाही. मी तिला तळाशी चार भोकं पाडून देणार आहे.